टपावरच्या दोन फळ्या

माझ्या मामाला वाळूवर गाडी थांबवताना मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलं. बाकीची सगळी वर्षं तो चालवत होता आणि आम्ही सगळे त्याच्या बाजूने पळत होतो.

मामा दवाखान्याचा ड्रायव्हर. आमच्या किनाऱ्याला रस्ता नाही. एका टोकाला धक्का, दुसऱ्या टोकाला दीपगृह, मधे बावीस किलोमीटर वाळू आणि तिच्या काठाने चार वस्त्या. धक्क्यापलीकडे डांबर सुरू होतं, शहर सुरू होतं, सिग्नल वगैरे सुरू होतात. अलीकडे फक्त मामा. दवाखान्याला एक जुनी फोर-व्हील गाडी आहे, चारही चाकांनी जोर लावणारी. तिच्यात नर्सबाई, औषधांची पेटी आणि लसींचा बर्फाचा डबा घालून मामा रोज ओहोटी बघून निघतो. मी दवाखान्यात केसपेपर लिहिते. नोकरी लागली तेव्हा मला सांगितलं होतं की क्वार्टर मिळेपर्यंत मामाकडे राहा. त्याला नऊ वर्षं झाली.

वाळूवर गाडी कशी चालवायची हे मामाने मला न विचारता इतक्यांदा सांगितलंय की मला पाठ आहे. निघण्याआधी चारही टायरांची हवा कमी करायची. व्हॉल्व्हमध्ये काडी दाबायची, फुस्स करू द्यायचं, टायरचं पोट जरा सुटलं की पुरे. पाणी नुकतंच उतरलेल्या ओल्या पट्ट्यावरून जायचं. मऊ वाळू लागली तर काल आपलीच चाकं जिथून गेली तिथूनच जायचं. वळण मोठं घ्यायचं, झटका द्यायचा नाही, चढावर आडवं जायचं नाही. हे सगळं बरोबर आहे. माझं त्याच्याशी काही भांडण नाही. माझं भांडण शेवटच्या वाक्याशी.

"थांबलं की रुतलं."

मऊ वाळूत उगाच थांबू नये हे कोणीही सांगेल. मामाने त्याचं थांबूच नये करून टाकलं. अख्ख्या किनाऱ्यावर त्याच्या मते गाडी उभी करण्यालायक जागा चार: धक्क्याचा सिमेंटचा उतार, दवाखान्याचा ओटा, दीपगृहाखालचा खडक आणि एका बंद पडलेल्या गोदामाची फरशी. चारही चढाच्या. तिथे गेलं की मामा पाय उचलतो, गाडी आपोआप दमते, मग तो उतरून चाकामागे दगड लावतो. ब्रेक नावाची वस्तू त्याच्या हिशेबी गाडीबरोबर फुकट आलेली. त्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरचं रबर चारदा बदललंय, क्लचचं दोनदा. ब्रेकच्या रबरावरची नक्षी अजून कोरी करकरीत आहे.

बाकी सगळीकडे तो माणसाच्या चालीने गोल गोल फिरत राहतो. नर्सबाई चालत्या गाडीतून डबा पोटाशी धरून उडी मारतात, घरात जाऊन इंजेक्शन देतात, ताप बघतात, बाळाचं वजन करतात. तेवढा वेळ बाहेर मामाच्या घिरट्या चालू. बाई बाहेर आल्या की गाडी समोरून येईपर्यंत वाट बघतात आणि टुणकन आत बसतात. या नोकरीत नर्सबाई टिकत नसत. एक तर पहिल्याच आठवड्यात पाय मोडून आपल्याच दवाखान्यात भरती झाली. आताच्या बाई शाळेत लांब उडीत पहिल्या यायच्या, म्हणून टिकल्या.

लोक मामाला भोवरा म्हणतात. तोंडावर म्हणतात, कारण त्याचं तोंड फार वेळ समोर राहतच नाही. ज्याला त्याच्याशी बोलायचं असेल त्याने गाडीच्या बरोबरीने चालायचं. एकदा एका आजोबांना धक्क्यावर न्यायचं होतं. चार धडधाकट माणसांनी त्यांना खुर्चीसकट उचललं, गाडीबरोबर धावले आणि तिसऱ्या फेरीला आत सरकवलं. आजोबा दोन दिवसांत बरे होऊन आले. चौघांपैकी एकाच्या पाठीत उसण भरली, तो पंधरा दिवस औषधाला येत होता. त्याला आणायलाही मामाच जायचा. तेव्हा बाकीच्या तिघांनी धावायचं.

गाडीच्या टपावर दोन फळ्या आहेत. गाडी रुतलीच तर चाकाखाली सरकवायला. गाडी आली त्या दिवशी मामाने त्या स्वतः दोरीने बांधल्या, सात गाठी मारून. त्या तीस वर्षांत सुटलेल्या नाहीत. हा मामाचा मोठेपणा. दुसरा एखादा माणूस मुलांची शिक्षणं सांगतो, हा फळ्या दाखवतो. दर चार वर्षांनी गाडीला रंग लागतो, रंगारी गाठींवरूनही हात फिरवतो, त्यामुळे गाठींचे दगड झालेत. "फळ्या सोडायची वेळ आली ना," मामा म्हणतो, "तर त्याच दिवशी चावी टेबलावर ठेवीन."

असा माणूस आईच्या पोटातून येत नाही. तो घडावा लागतो. मामाला घडवलं एका चपलेने.

लग्नाला चार महिने झाले होते. मामा मामीला तिच्या मोठ्या बहिणीकडे, दीपगृहाच्या वस्तीत, घेऊन चालला होता. तेव्हाची गाडी वेगळी होती, साधी, मागच्या दोन चाकांवर चालणारी. मामीला पाय बाहेर सोडून बसायची हौस आली आणि एक चप्पल पडली. "अहो, थांबा ना. माझी चप्पल." चार महिन्यांच्या नवऱ्याला दुसरं काय सुचणार? तो थांबला, उतरला, चप्पल उचलली, झटकली, बायकोच्या पायात घातली. तेवढ्यात गाडी मागच्या चाकांवर बसली, ती उठलीच नाही. मग भरती आली. संध्याकाळी पाण्याबाहेर फक्त टप होता आणि टपावर एक पक्षी.

चौकशी झाली. गाडी थांबवण्याचं कारण लिहा म्हणाले. मामाने खरं ते लिहिलं: 'पत्नीची चप्पल.' साहेबांनी ते सगळ्या कचेरीसमोर मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि शिपायाला बोलावून त्यालाही वाचून दाखवलं. दोन वर्षं दुसरी गाडी आली नाही. दोन वर्षं मामा औषधांची पेटी डोक्यावर घेऊन तो किनारा पायी तुडवत होता, आणि वाटेत भेटेल तो त्याला "काय पादत्राणे, कुठवर?" असं विचारत होता.

मामाने कानाला खडा लावला. मामीनेही लावला, पण तिचा कोणाला दिसला नाही. त्या दिवसानंतर तिने नवऱ्याला कधी 'थांबा' म्हटलं नाही.

घरासमोरची वाळू पिठासारखी मऊ. महिन्यातून एकदा मामी बहिणीकडे निघायची. मामा गाडी हळू करायचा, मामी एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने दांडी धरून दोन पावलं धावायची आणि आत. पन्नाशी उलटली तरी चढत होती. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याने दगा दिला. त्या दिवशी तिने दांडी धरली, दोन पावलं टाकली आणि दांडी सोडून दिली. "आज नको. तुम्ही जाऊन या," म्हणाली. पुढच्या महिन्यातही आज नको. मग मामाने विचारणंच सोडलं.

"तुझ्या मामीला हल्ली घराबाहेर पडायचा कंटाळा येतो," तो मला म्हणाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामीने मला असा चिमटा काढला की आठवडाभर वळ होता.

आत नेऊन मला म्हणाली, "सांगशील तर याद राख. हे थांबतील, गाडी रुतेल, पुन्हा चौकशी, पुन्हा लोक दात काढतील. माझ्या पायी एकदा झालं तेवढं पुरे."

घट्ट जागा म्हणावी तर दवाखान्याचा ओटा, तो घरापासून पायी अर्धा तास, आणि तो अर्धा तास सगळा मऊ वाळूचा. बहीण बारा वर्षांनी मोठी, काठी टेकून चालते. ती काय उडी मारून येणार? एक इकडे, एक तिकडे, मधे नऊ किलोमीटर आणि माझा मामा. दोघी फोनवर बोलायच्या. फोन ठेवला की मामी घासलेलीच भांडी पुन्हा घासायला काढायची. मला मामाचा राग यायचा, मामीचा त्याहून जास्त यायचा, आणि सगळ्यात जास्त माझा, की एका चिमट्याला मी भ्यायले.

असं सगळं चाललं असताना खात्याचा कागद आला. खात्याच्या सगळ्या ड्रायव्हरांनी शहरातल्या मैदानावर नव्याने चाचणी द्यायची. तीन संधी. तिन्ही वेळा नापास झालेल्याला शहराच्या कचेरीत बसवणार, आलेल्या टपालावर शिक्के मारायला, आणि त्याच्या गाडीवर दुसरा माणूस येणार. मामाच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. कागद वाचून तो हसला. "माझी चाचणी? बस्स, जाऊन येतो." पण खुर्ची आणि शिक्का हे शब्द त्याने दुसऱ्यांदा वाचले तेव्हा हसणं थांबलं होतं. तीस वर्षं न थांबलेला माणूस तीन वर्षं खुर्चीत बसणार म्हणजे काय, हे मलाही कळत होतं.

पहिल्या चाचणीला कागदपत्रं घेऊन मी बरोबर गेले. मैदान डांबराचं, त्यावर पांढऱ्या पट्ट्या, आठाचा आकडा, एक बारीक चढ, जागोजाग 'थांबा' लिहिलेल्या पाट्या. परीक्षक म्हणजे एक काटकुळा माणूस, कानामागे पेन्सिल, चष्म्याला दोरी. चाचणीची गाडी खात्याचीच. परीक्षक फॉर्म भरत होते तेवढ्यात मामा गाडीच्या बाजूला उकिडवा बसला. फुस्स असा आवाज आला. परीक्षकांनी मान वर करेपर्यंत मामा तिसऱ्या चाकापाशी पोचला होता.

"काय करताय?"

"हवा कमी करतोय, साहेब. फारच टम्म भरलीय."

"अहो, इथं वाळू कुठं आहे?"

"जमीन कशी का असेना," मामा समजुतीने म्हणाला, "सवय चांगली ठेवावी."

गाडीत न बसताच नापास झालेला तो त्या मैदानावरचा पहिला माणूस. परत येताना धक्क्यापर्यंत तो माझ्याशी बोलला नाही, जणू हवा मी सोडली होती.

दुसऱ्या वेळी मी काडीपेटी काढून घेतली. मामाने आठाचा आकडा असा काढला की बाकीचे ड्रायव्हर बघायला उभे राहिले. एक आठ काढायला सांगितला होता, याने न थांबता नऊ काढले. मग 'थांबा'ची पाटी आली. मी कडेच्या बाकावर होते, पण परीक्षकांचा आवाज चढल्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"थांबा."

"थांबतोच आहे."

"गाडी चालतेय!"

"हळू चालतेय."

"थांबणं म्हणजे चाक फिरता कामा नये!"

मामाने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "साहेब, मग निघणार कशी?"

गाडी पाटीला वळसा घालून फिरायला लागली. पाच फेऱ्या झाल्यावर परीक्षक म्हणाले, मला उतरू द्या. मामा लगेच म्हणाला, "हो, हो. डावा पाय आधी. फाइल पोटाशी धरा, तोंड पुढच्या बाजूला. घाबरायचं नाही, आमच्या नर्सबाई रोज करतात." परीक्षकांनी उडी मारली. चष्मा दोरीमुळे वाचला. नापासाचा कागद त्यांनी गाडीच्या बरोबरीने चालत खिडकीतून आत दिला, मामाने तो चालवता चालवता सही करून परत दिला. शेवटी कोणाला तरी मैदानातला चढ आठवला. गाडी चढावर घेतली, ती दमली, मामा उतरला आणि चाकामागे लावायला दगड शोधू लागला.

तिसऱ्या संधीला दोन आठवडे होते. मी ठरवलं, आता हा घरचा प्रश्न आहे. व्हरांड्यात खुर्ची मांडली, तिच्यापुढे तीन विटा: क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर. मामाच्या हातात ताट दिलं, स्टिअरिंग म्हणून. मामी समोर तळहात दाखवत उभी, ती सिग्नल. आवाजाशिवाय मामाला लय सापडेना, म्हणून इंजिनाचं काम माझ्याकडे आलं. केसपेपरवर सही करणारी जबाबदार कर्मचारी मी, रोज सकाळी कामावर जायच्या आधी अर्धा तास 'घुर्रर्र' करत उभी राहायचे. शेजारीण रोज काही ना काही मागायला यायची.

पालथ्या घड्यावर पाणी. मामी तळहात दाखवायची, मामा ताट वळवून तिला वळसा घालायचा, खुर्चीसकट.

"अहो, मधली वीट दाबा!"

"पाय जात नाही तिकडे."

"म्हणजे काय? पाय तुमचाच आहे ना?"

"माझाच आहे. पण तो जात नाही." खरंच जात नव्हता. विटेच्या वर चार बोटं तो थरथरत राहायचा आणि परत उजवीकडे. मामा घामाघूम व्हायचा. आठव्या दिवशी त्याने ताट खाली ठेवलं आणि म्हणाला, "शिक्के तर शिक्के." तो असं म्हणाला तेव्हा मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला. मी म्हटलं, "उचल ते ताट. आज रिव्हर्स करायचा."

रिव्हर्सला मागे कोणीतरी हवं, मागे वजन नसेल तर गाडी खरी वाटत नाही, असं मामा म्हणाला. म्हणून मामी त्याच्या मागे बुटक्या स्टुलावर बसली. मी घुर्रर्र केलं. मामाने मान पूर्ण मागे वळवली, जशी वळवायला हवी तशी. नेमकं त्याच वेळी आत दूध उतू जायला लागलं.

मामी उठायला गेली. एक हात भिंतीवर. गुडघ्यावर दुसरा हात. अर्धी उठली, परत बसली. तोंडातून आवाज न काढता श्वास घेतला. पुन्हा भिंत, पुन्हा गुडघा. उभी राहिली आणि तशीच, भिंत न सोडता, आत गेली. मामाची मान मागेच होती.

ती दूध बघून बाहेर आली तेव्हा त्याने विचारलं, "हे काय होतं?"

"काय?"

"हे उठणं."

"मी अशीच उठते."

"कधीपासून?"

मामी पदराला हात पुसत राहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षं दाबून ठेवलेलं एका दमात बाहेर आलं. "दोन वर्षांपासून! हिला कंटाळा नाही आलेला, हिला धावता येत नाही. बहिणीचं तोंड बघितलं नाही हिने दोन वर्षं, कारण तुझी गाडी थांबत नाही आणि ही तुला थांब म्हणत नाही. तुम्ही दोघं एका चपलेपायी म्हातारे झालात, आणि मी इथं घुर्रर्र करत बसलेय!"

शेजारीण वाटी घेऊन फाटकात उभी होती. ती न मागता परत गेली.

मामाने ताट मांडीवर टेकवलं. "मला दिसलं नाही," म्हणाला. "बसलेली दिसायचीस. उभी दिसायचीस. उठताना कधी बघितलंच नाही." माफी वगैरे मागणं त्याला जमत नाही. त्याला जे जमतं ते त्याने केलं, म्हणजे गाडीबद्दल प्रश्न विचारला.

"गाडी उभी असली तर तुला चढायला किती वेळ लागेल?"

मामीने गंभीरपणे हिशेब केला. "दांडी धरायची. एक पाय ठेवायचा. दम घ्यायचा. मग दुसरा. तीस आकडे म्हणा."

मामा खुर्चीत सरळ बसला. मला म्हणाला, "सुरू कर." मी घुर्रर्र केलं. तो चार वेळा ताट इकडेतिकडे वळवून आला, आणि त्याचा पाय मधल्या विटेवर पडला. असा पडला की वीट फुटली. मग तो तोंडातल्या तोंडात आकडे मोजू लागला, आणि मी आवाज बंद केला.

तिसऱ्या चाचणीला परीक्षकांनी मला मागच्या सीटवर बसवलं. मागच्या अनुभवानंतर त्यांना साक्षीदार हवा होता. मामाने टायरांना हात लावला नाही. आठ एकच काढला. समोर 'थांबा'ची पाटी आली आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. परीक्षकांची पेन्सिल कानामागून उडून काचेवर आपटली. त्यांनी फॉर्मवर खूण केली आणि म्हणाले, "छान. चला आता."

गाडी हलेना. मामाची नजर आरशात, ओठ हलत होते.

"चला म्हटलं!"

"अकरा... बारा..."

"काय मोजताय?"

"चढतेय ती."

"कोण चढतेय?"

"गुडघा धरलाय तिचा. घाई करून चालणार नाही. पंधरा..."

मागे दुसऱ्या ड्रायव्हराची गाडी येऊन हॉर्न वाजवायला लागली. परीक्षकांनी मान मागे वळवून सीटवर पाहिलं. मी होते आणि माझ्या शेजारी रिकामी जागा होती. त्यांनी मामाकडे पाहिलं, पुन्हा त्या जागेकडे पाहिलं. मग ते मला हळूच म्हणाले, "ताई, जरा सरकून बसा."

मी सरकले. तीस झाल्यावर गाडी निघाली.

मैदानात 'थांबा'च्या पाट्या सहा होत्या. मामी सहाही वेळा चढली. एकदाही उतरली नाही, त्यामुळे शेवटी मला बसायला जागाच उरली नव्हती. चढावरही मामाने ब्रेक लावला आणि दगड मागितला नाही. परीक्षकांनी पास लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिल बराच वेळ घोटाळल्यावर लिहिलं, 'प्रवाशांची फार काळजी घेतो.' कागद देताना त्यांनी मामाला विचारलं, "त्या बऱ्या आहेत ना आता?" मामा म्हणाला, "घरी आहे."

धक्क्याच्या उतारावर दवाखान्याची गाडी उभी होती. मामाने चाकामागचा दगड काढला, चारही टायरांची हवा सोडली आणि आम्ही निघालो. ओहोटी होती. मामा समोरच्या वाळूवरून नजर हलवत नव्हता. मला वाटलं होतं, पास झाल्याच्या आनंदात जरा शिट्टी वगैरे वाजवेल. घर दिसायला लागलं. धक्क्यावरून येताना तो नेहमी इथे गाडी हळू करतो, मी उडी मारते, तो पुढे जाऊन ओट्यावर गाडी लावतो आणि पायी परत येतो. मी सवयीने दांडी धरली, एक पाय बाहेर काढला.

"बस खाली," मामा म्हणाला, आणि त्या पिठासारख्या वाळूत, बरोबर फाटकासमोर, त्याने ब्रेक दाबला.

गाडी थांबली. मग वाळूने तिला हळूहळू, चार बोटं, आत घेतलं. रुतली. त्याचं शास्त्र खोटं नव्हतंच.

सगळ्यात आधी शेजारीण धावत आली. "कोण गेलं?" तिने विचारलं. तिचं चुकलं नाही. मामाची गाडी दारात उभी म्हणजे तिला दुसरं काही सुचेना. तिच्या मागून अख्खी वस्ती आली. लोक उभ्या गाडीभोवती उभे राहिले आणि काय करायचं ते कोणालाच कळेना, कारण आजवर त्यांना त्या गाडीबरोबर फक्त चालायची सवय होती. गर्दीतला एक म्हातारा, ज्याला सगळं आठवतं, मोठ्याने म्हणाला, "काय पादत्राणे, रुतलात ना शेवटी?"

मी मामाच्या तोंडाकडे पाहिलं. बत्तीस वर्षं ज्या शब्दाला तो भ्यायला तो शब्द येऊन गेला होता.

"हो," मामा म्हणाला. "फावडं आणा. उभे काय राहिलात?"

तो बॉनेटवर चढला, तिथून टपावर हात घातला. गाठी सुटेनात. नखं लावली, दात लावायला निघाला, तेव्हा मामीने घराच्या खिडकीतून भाजीची सुरी पुढे केली. एकेक गाठ कापताना रंगाचे पोपडे उडत होते: पांढरा, पिवळा, हिरवा, पुन्हा पांढरा. सात गाठींना पाऊण तास लागला. फळ्या खाली आल्या. वरची बाजू रंगाने गिलावा केल्यासारखी, पण खालची कोरी, आणि तिच्यावर सुताराची पेन्सिलची रेघ अजून तशीच. मामाने त्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग आम्ही चाकांपुढची वाळू उपसली, फळ्या सरकवल्या, त्याने गाडी हात-दोन हात पुढे घेऊन फळ्यांवर उभी केली. हललीही नाही. दोन फळ्या. दोन वर्षं. मी डोक्याला हात लावला.

मामी बाहेर आली. तिच्या हातात पिशवी होती, भरलेली. ती कधी भरली मी विचारलं नाही.

तिने दांडी धरली. मामाने "एक" म्हटलं, आणि मग कोणी न सांगता सगळी वस्ती मोजायला लागली. एक पाय. दम. तीस झाले, मामी अजून अर्धीच वर. लोक थांबले नाहीत. एकेचाळीसला ती सीटवर टेकली आणि तिने हसून तोंड दुसरीकडे फिरवलं. मामाने तिकडून चढून चावी फिरवली. दीपगृहाच्या वस्तीत एव्हाना फोन गेला असणार, कारण मामीचा फोन सारखा वाजत होता आणि ती उचलत नव्हती.

मी दार लावायला हात घातला, तोच तिची एक चप्पल खाली वाळूवर पडली.

अख्खी वस्ती चपलेकडे बघायला लागली. म्हाताऱ्यानेही तोंड मिटलं.

"अहो," मामी म्हणाली, "थांबा ना. माझी चप्पल."

मामाने चावी उलटी फिरवून इंजिन बंद केलं. तो उतरला, गाडीला वळसा घालून आला, चप्पल उचलली, झटकली, आणि खाली बसून तिच्या पायात घातली. घालून झाल्यावरही थोडा वेळ तो तसाच बसून राहिला. तिने त्याच्या डोक्यावरचा रंगाचा पोपडा काढून टाकला.

मी दाराशीच उभी होते, म्हणून मला दिसलं. चप्पल पडली नव्हती. तिने ती अंगठ्याने ढकलली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामीने मला चिमटा काढला.